पंगत आणि डबा : संगणकात प्रोग्राम येतात कसे?

मोबाईल फोनवर एखादे नवे ॲप हवे असले, की तुम्ही काय करता? दुकानाच्या चित्रावर बोट ठेवता, ॲपचे नाव शोधता आणि 'इन्स्टॉल' असे लिहिलेले बटण दाबता. मिनिटाभरात ॲप हजर! काम इतके सोपे, की त्यामागे विचार करण्याजोगे काही असेल असे वाटतच नाही. पण जरा थांबा आणि चार प्रश्न स्वतःला विचारा. हा प्रोग्राम लिहिला कोणी? तो तपासला कोणी? वाटेत त्यात कोणी ढवळाढवळ केली नाही, हे तुमच्या फोनला कसे कळले? आणि उद्या त्यात दोष सापडला, तर तो दुरुस्त कोण करणार?

हे प्रश्न न विचारल्यास काय होते, ते आम्ही एकदा अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने आलेख काढण्याचा एक प्रोग्राम इंटरनेटवर शोधला आणि जी जागा पहिली सापडली तेथूनच तो उतरवून घेतला. प्रोग्राम आला, पण त्याच्याबरोबर न बोलावलेले पाहुणेही आले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील त्या संगणकावरच्या फायली उघडेनात. एका तुकडीची सत्रभराची वाचने गेली. त्या मुलाचा हेतू मुळीच वाईट नव्हता. कोणाच्या हातचे आपण घेत आहोत, एवढेच त्याने पाहिले नव्हते.

या चार प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी संगणकाच्या जगात दोन व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. एक आहे 'भांडार' आणि दुसरी 'दुकान'. लिनक्स प्रकारच्या संगणकांवर भांडाराची पद्धत रूढ आहे, तर फोनवर दुकानाची. दोन्हींचा हेतू एकच असला, तरी त्यांमागचा विचार मात्र निराळा आहे. तो विचार आज आपण समजून घेऊ.

प्रोग्राम एकटा नसतो

पुरणपोळी करायची तर काय काय लागते? पुरण आणि कणीक. पुरणासाठी शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ. म्हणजे पोळी लाटायला बसण्यापूर्वी पुरण तयार हवे आणि पुरण वाटण्यापूर्वी डाळ शिजलेली हवी. संगणकाच्या प्रोग्रामचेही असेच असते. चित्र दाखवणारा प्रोग्राम लिहिणारा माणूस चित्राची फाईल उलगडण्याचे गणित स्वतः लिहीत बसत नाही. ते काम करणारा तयार भाग दुसऱ्या कोणी तरी आधीच लिहिलेला असतो, तो हा वापरतो. अशा तयार भागांच्या संचाला 'लायब्ररी' म्हणतात. ही लायब्ररीही आणखी एखाद्या लायब्ररीवर विसंबून असते. अशी ही साखळी बरीच लांब जाते. कोण कोणावर विसंबून आहे या नात्याला आपण 'अवलंबित्व' म्हणू.

आता खरा प्रश्न असा, की हे सगळे तयार भाग संगणकावर आणायचे कसे? येथेच भांडाराची आणि दुकानाची वाट वेगळी होते.

भांडाराची पद्धत ही पंगतीसारखी आहे. वरणाचे पातेले एकच. ज्याला वरण हवे त्याला त्यातूनच वाढायचे. एक लायब्ररी संगणकावर एकदाच ठेवली जाते आणि ती लागणारे पन्नास प्रोग्राम तीच वापरतात. दुकानाची पद्धत डब्यासारखी आहे. प्रत्येक जण आपापला डबा घेऊन येतो. त्यात भाजी, पोळी, वरण सगळे त्याचे त्याचे. फोनवरील मूळ प्रणाली काही सोयी सर्व ॲपना पुरवते हे खरे, पण त्यांपलीकडे जे लागेल ते ॲप स्वतःबरोबरच घेऊन येते. एकच लायब्ररी दहा ॲपच्या डब्यांत दहा वेळा असू शकते.

भांडार कसे चालते?

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने 'डेबियन' नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा हे त्याच्या मैत्रिणीचे नाव आणि इयन हे स्वतःचे. दोन्ही जोडून 'डेबियन' झाले. लिनक्सवर चालणारे, मुक्तपणे वापरता, वाचता आणि बदलता येणारे प्रोग्राम एकत्र करून ते एकमेकांशी जुळतील अशा रीतीने लोकांना द्यायचे, हा या प्रकल्पाचा उद्देश. आज जगभरातील स्वयंसेवक तो चालवतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे वार्षिक संमेलन आपल्या देशात, कोची येथे भरले होते. उबुंटू ही प्रसिद्ध प्रणाली डेबियनवरूनच घडवलेली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने काढलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

डेबियनच्या भांडारात प्रत्येक प्रोग्राम एका 'पॅकेज'च्या रूपात असतो. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. प्रत्येक पॅकेजाची कोणी तरी जबाबदारी घेतलेली असते. मूळ लेखकाने लिहिलेली संहिता हा जबाबदार माणूस घेतो, ती डेबियनच्या नियमांत बसवतो, आणि पॅकेजावर एक चिठ्ठी लावतो. या चिठ्ठीवर पॅकेजाचे नाव, आवृत्ती आणि मुख्य म्हणजे त्याला कशाकशाची गरज आहे, ते लिहिलेले असते.

१९९९ मध्ये निघालेल्या डेबियनच्या २.१ या आवृत्तीपासून 'ॲप्ट' नावाचे साधन उपलब्ध झाले. तुम्ही ॲप्टला एक नाव सांगायचे. ते चिठ्ठी वाचते, गरजांची यादी करते, त्या गरजांच्या गरजा शोधते आणि संगणकावर जे नसेल तेवढेच योग्य क्रमाने आणून बसवते. डाळ आधी, मग पुरण, मग पोळी! दोन पॅकेजांचे एकमेकांशी जमत नसेल, तर तेही चिठ्ठीवर नोंदवलेले असते आणि ॲप्ट तुम्हाला तसे सांगते. पुढे 'सगळे अद्ययावत कर' एवढी आज्ञा दिली, की भांडारातून आलेल्या प्रत्येक गोष्टीची नवी आवृत्ती एकाच फेरीत येते. मग तो शब्दकोश असो, वा संगणकाचा गाभा असलेले कर्नल असो.

अंगठ्याचा ठसा आणि मोहोर

भांडाराच्या नकला जगभर अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात. जवळच्या ठिकाणाहून पॅकेज लवकर येते, ही त्यातील सोय. पण त्या नकलेच्या मालकाने पॅकेजात काही मिसळले तर? हे ओळखण्यासाठी फाईलचा 'अंगठ्याचा ठसा' घेतला जातो.

कागद-पेन्सिल घ्या. ४७२९ ही चार अंकांची फाईल आहे असे समजा. ठसा म्हणून अंकांची बेरीज घेऊ : ४ + ७ + २ + ९ = २२. आता कोणी पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ७४२९ केले, तरी बेरीज २२ च. ठसा निकामी ठरला. म्हणून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणून मग बेरीज करू. ४७२९ चा ठसा ४ + १४ + ६ + ३६ = ६० येतो, तर ७४२९ चा ७ + ८ + ६ + ३६ = ५७. चोरी पकडली! पण घाईने आनंद मानू नका. ६६२९ चा ठसा काढून पाहा. ६ + १२ + ६ + ३६ = ६०! म्हणजे थोडे डोके चालवले, तर खोटी फाईल खऱ्याचा ठसा घेऊन येऊ शकते.

म्हणून प्रत्यक्षात 'शा-२५६' नावाची फार गुंतागुंतीची कृती वापरतात. तिच्यातून फाईल केवढीही असली तरी २५६ द्विमान अंकांचा ठसा निघतो. असे ठसे किती असू शकतात? २ चा २५६ वा घात, म्हणजे सुमारे १ वर ७७ शून्ये इतके. समजा, १०० कोटी संगणक दर सेकंदाला प्रत्येकी १०० कोटी खोट्या फायली करून पाहू लागले आणि विश्वाचे आजवरचे सारे आयुष्य, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षे, हाच उद्योग करीत राहिले. तरी त्यांचे एकूण प्रयत्न सुमारे ४ वर ३५ शून्ये एवढेच भरतील. ७७ शून्यांपुढे ३५ शून्ये म्हणजे समुद्रापुढे थेंबही नव्हे.

भांडार सर्व पॅकेजांच्या ठशांची यादी करते, त्या यादीचा पुन्हा ठसा घेते आणि शेवटच्या छोट्या कागदावर आपली डिजिटल मोहोर उठवते. मोहोर उठवण्याची किल्ली भांडाराकडे गुप्त असते. ती तपासण्याची किल्ली मात्र तुमच्या संगणकात आधीच असते. त्यामुळे पॅकेज आणणारा हमाल कोण आहे, याला महत्त्व राहत नाही. मोहोर जुळली, यादीचा ठसा जुळला आणि पॅकेजाचा ठसा जुळला, की माल खरा.

चतुर वाचक येथे विचारील : एखाद्याने खऱ्या मोहोरेची, पण जुनी यादी दिली तर? जुन्या यादीतील पॅकेजात सर्वांना माहीत झालेला दोष असेल, आणि तुम्ही मात्र निर्धास्त राहाल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच डेबियनच्या सुरक्षा-दुरुस्त्यांच्या यादीवर औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदतीची तारीख घातलेली असते.

दुकानाची रीत

ॲपल कंपनीने आपले ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप घेऊन उघडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. मार्च २०१२ मध्ये त्याचेच नाव गूगल प्ले झाले. येथे मध्यस्थ पॅकेज बांधत नाही. लेखक आपले ॲप तयार करून दुकानात पाठवतो. दुकान ते यंत्राने, आणि गरजेप्रमाणे माणसांकडून, तपासते व फळीवर मांडते. विकत घ्यायचे ॲप असेल, तर पैसे गोळा करण्याचे कामही दुकानच करते. २००८ मध्ये ॲपलने ठरवलेला हिस्सा होता लेखकाला ७० टक्के आणि दुकानाला ३० टक्के. स्वतःचा प्रोग्राम विकून पोट भरणाऱ्यासाठी ही मोठीच सोय झाली. भांडारांत अशी सोय सहसा नसते.

पण इतक्या अनोळखी लेखकांवर विश्वास कसा ठेवायचा? दुकानाच्या पद्धतीचे उत्तर असे : फार विश्वास ठेवूच नका, मध्ये भिंत बांधा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला संगणकाच्या एका स्वतंत्र वापरकर्त्यासारखा क्रमांक मिळतो आणि एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. कॅमेरा, ध्वनिग्राहक, संपर्कांची यादी हवी असेल, तर ॲपला तुमची परवानगी मागावी लागते. अँड्रॉइडच्या ६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ही परवानगी त्या त्या वेळी विचारली जाऊ लागली.

भांडारातून आलेला प्रोग्राम मात्र साधारणपणे तुमचेच अधिकार घेऊन चालतो. तुम्हाला जी फाईल वाचता येते ती त्यालाही वाचता येते. पॅकेज बसवताना चालणाऱ्या काही आज्ञांना तर संपूर्ण संगणकाचे अधिकार असतात. थोडक्यात, भांडाराचा भर माणसे पारखण्यावर आहे, तर दुकानाचा भर भिंती घालण्यावर.

दोष सापडल्यावर

७ एप्रिल २०१४ रोजी 'ओपन-एसएसएल' या लायब्ररीतील एक गंभीर दोष जाहीर झाला. इंटरनेटवरील गुप्त संभाषणासाठी ही लायब्ररी असंख्य संगणकांवर वापरली जात होती. दोष विलक्षण साधा होता. दोन संगणक 'तू जागा आहेस ना?' अशी एकमेकांची विचारपूस करतात, तेव्हा एक जण म्हणतो, 'हा चार अक्षरी शब्द घे आणि परत कर.' कोणी लबाडाने चार अक्षरी शब्द पाठवून 'हा चौसष्ट हजार अक्षरी शब्द आहे' असे सांगितले, तर पलीकडचा संगणक मोजून न पाहता आपल्या स्मृतीतील पुढची अक्षरेही देऊन टाकी. त्यांत परवलीचे शब्द किंवा गुप्त किल्ल्याही असू शकत. या दोषाला 'हार्टब्लीड' म्हणजे रक्तबंबाळ हृदय असे नाव पडले.

डेबियनच्या भांडारात सुधारलेले पॅकेज त्याच दिवशी आले. संगणकावर लायब्ररीची प्रत एकच. ती बदलली आणि ती वापरणारे प्रोग्राम पुन्हा सुरू केले, की त्या सर्वांतले ते छिद्र एकदम बुजले. पातेल्यात मीठ कमी असेल, तर एकदाच घालायचे. सगळ्या पंगतीचे काम झाले. पण ज्या प्रोग्रामांनी हीच लायब्ररी स्वतःच्या डब्यात भरून आणली होती, त्यांचे काय? त्या प्रत्येकाच्या लेखकाने जागे होऊन नवा डबा भरून पाठवणे, एवढाच उपाय होता. लेखकाने ॲपकडे केव्हाच पाठ फिरवली असेल, तर तो दोष तसाच पडून राहतो.

मग डबा वाईटच का? नाही. पंगतीत दोन पाहुण्यांना दोन तऱ्हेचे वरण हवे असले, की पंचाईत होते. एका प्रोग्रामला लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. त्यामुळे भांडाराच्या स्थिर शाखेत बऱ्याचदा प्रोग्रामांच्या जुन्या आवृत्त्या असतात. सुरक्षेची ठिगळे मात्र त्यांना वेळोवेळी लावली जातात. ज्याला आजचे ताजे हवे, त्याला डबा बरा. म्हणूनच लिनक्सवरही आता 'फ्लॅटपॅक'सारख्या, प्रोग्रामला त्याच्या शिदोरीसह आणि भिंतीआड ठेवणाऱ्या पद्धती आल्या आहेत. आणि अँड्रॉइडवर 'एफ-ड्रॉइड' हे मुक्त ॲपचे भांडार २०१० पासून चालू आहे. वाटा एकमेकींना मिळू लागल्या आहेत.

पहारेकरी चुकतो तेव्हा

कोणतीही व्यवस्था अभेद्य नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये असे उघड झाले, की ॲपलच्या दुकानातील अनेक ॲपमध्ये घातक संहिता शिरली आहे. वीचॅट या लोकप्रिय ॲपची एक आवृत्तीही त्यांत होती. लेखकांनी ती मुद्दाम घातली नव्हती. ॲप बनवण्याचे 'एक्सकोड' हे अवजारच काहींनी अधिकृत जागेऐवजी दुसरीकडून, लवकर मिळते म्हणून उतरवले होते, आणि ते भेसळीचे होते. आमच्या विद्यार्थ्याची चूक मुरलेल्या लेखकांकडूनही झाली!

भांडारातही चुका झाल्या आहेत. २००६ मध्ये डेबियनमधील ओपन-एसएसएलच्या पॅकेजातून काही ओळी अनावश्यक समजून काढल्या गेल्या. त्या होत्या यादृच्छिक संख्या मिळवण्यासाठी. परिणामी, एका ठराविक प्रकारच्या संगणकावर अमुक लांबीची गुप्त किल्ली बनवली, तर शक्यता उरल्या जेमतेम ३२ हजार. संगणकाला त्या सगळ्या करून पाहायला कितीसा वेळ लागणार! मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला होता.

आणि आता सर्वांत बोधप्रद गोष्ट. 'एक्सझेड' ही माहिती दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी. एका टोपणनावाच्या व्यक्तीने तिच्या कामात दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून विश्वास मिळवला आणि २०२४ च्या आरंभी निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा ठेवला. लक्ष्य होते दूरच्या संगणकात प्रवेश देणारा 'एसएसएच' प्रोग्राम. गंमत अशी, की मूळ एसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. पण डेबियन आणि आणखी काही प्रणालींत एसएसएचला 'सिस्टिमडी'ची लायब्ररी जोडलेली होती आणि त्या लायब्ररीला एक्सझेड लागत असे. अवलंबित्वाच्या साखळीचा तिसरा दुवा धरून चोर आत शिरू पाहत होता.

तो पकडला गेला कसा? अँड्रेस फ्रॉइंड नावाचे अभियंते एका वेगळ्याच कामासाठी वेळेची मोजमापे घेत होते. एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कितीजण त्याकडे पाहतील? त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला. तोवर त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचल्या होत्या. स्थिर शाखेत नव्हत्या. 'नव्याची घाई नको' ही भांडाराची कुरकुर वाटणारी सवय त्या दिवशी कामास आली. दुसरी गोष्ट म्हणजे लायब्ररीचा सारा मजकूर कोणालाही उघडून पाहता येत होता. म्हणूनच बाहेरच्या एका माणसाला चोरदरवाजापर्यंत पोचता आले.

दार कोणाच्या हाती?

एक मुद्दा राहिला. दुकानाचे दार मालकाच्या हाती असते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा ती येथील दुकानांतून काढली गेली. असे एकच दार असले, की घातक वस्तू झटकन बाहेर काढता येते. पण काय आत यावे हेही त्या एकाच दारावर ठरते. भांडाराचे तसे नाही. तुम्ही तुमच्या संगणकाला एकाहून अधिक भांडारांचे पत्ते देऊ शकता. भांडाराची पूर्ण नक्कल करून स्वतःचे भांडारही उभारू शकता. मात्र स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते. अनोळखी भांडाराचा पत्ता जोडणे म्हणजे आपल्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पंगत असो वा डबा, प्रोग्राम नेहमी ओळखीच्या दारातून आणा. अद्ययावत करण्याची सूचना आली, की 'नंतर पाहू' म्हणू नका. ॲप परवानगी मागेल तेव्हा 'विजेरीच्या ॲपला माझ्या संपर्कांची यादी कशाला हवी?' असे विचारा. आणि प्रयोगशाळेत एखादे वाचन अपेक्षेपेक्षा अर्ध्या सेकंदाने जास्त आले, तर ते खोडू नका. पुन्हा मोजा.

करून पाहा

१. प्रोग्राम 'क' ला 'ख' आणि 'ग' लागतात. 'ख' ला 'घ' लागतो. 'ग' ला 'घ' आणि 'च' लागतात. 'च' ला 'ख' लागतो. ही पाच पॅकेजे कोणत्या क्रमाने बसवाल? असे क्रम किती आहेत?

२. वरील उदाहरणात 'घ' ला 'क' लागतो असे ठरले, तर काय अडचण येईल?

३. आपल्या गुणाकार-बेरजेच्या रीतीने ज्यांचा ठसा ६० येतो अशा आणखी पाच चार-अंकी संख्या शोधा.

४. तुमच्या घरच्या फोनवरील कोणतीही दहा ॲप निवडा. प्रत्येकाला कोणत्या परवानग्या दिल्या आहेत त्याचा तक्ता करा, आणि ज्या परवानगीचे कारण सांगता येत नाही तिच्यापुढे फुली मारा. फुल्या किती आल्या, ते घरच्या मंडळींना दाखवा.